जिल्ह्याचं टोक कोबीच्या शेतात

दोन शेतं, मध्ये तारेचं एक कुंपण, कोबीच्या एकोणचाळीस ओळी, एक गाय, एक दगड, नऊ वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ, तिपाईवरची एक दुर्बीण आणि माझा मामा. शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी जिल्ह्याच्या सर्वोच्च बिंदूवर एवढा ऐवज हजर होता. मी मोजला होता. मोजण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं तेव्हा माझं ठाम मत होतं!

पदार्थविज्ञानाची पदवी भिंतीवर टांगून चौदा महिने मी तिच्याकडे आणि आई माझ्याकडे, अशा दोघी बघत बसलो होतो. मग नकाशा कार्यालयातून बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "सर्वोच्च बिंदूची उंची तपासा, दोन्ही शेतमालकांच्या सह्या आणा. सोमवारी सह्यांसकट अर्ज टेबलावर आला की नोकरी तुमची."

"एवढंच?" मी म्हणाले. हा एक शब्द मला जन्मभर छळणार आहे.

मोजपट्टी उभी धरायला माणूस हवा होता. मामा तयारच! तो शिंपी, चाळीस वर्षं मापं घेतोय. शिखर म्हटल्यावर त्याने दोर, शिट्टी आणि कानटोपी घेतली. तीन किलोमीटर बांधांवरून घसरत, दोन फाटकं ओलांडत आम्ही पोचलो, तर समोर इस्त्री केल्यासारखं सपाट शेत!

"शिखर कुठंय गं?"

"तू उभा आहेस त्यावर."

मामाने गुपचूप कानटोपी खिशात कोंबली.

सर्वोच्च बिंदूची खूण म्हणून सरकारने बसवलेला दगड थोरल्या भावाच्या शेतात, जमिनीबरोबर. वाट मात्र धाकट्यांच्या शेतातून. धाकट्यांनी लगेच सही दिली. थोरले म्हणाले, "आधी मोज. मग सही." भावाशी काही बोलायचं असलं की दोघंही कुंपणाजवळच्या गायीशी बोलत.

"सांग गं त्याला, जिल्ह्याचं टोक कुणाच्या शेतात आहे ते!" थोरले गायीला म्हणाले.

"म्हणावं, टोकावर कोबी तरी धड येतो का?" धाकटेही गायीलाच म्हणाले. ती रवंथ करत राहिली.

मामाने दगडावर पट्टी धरली. दुर्बिणीतून आकडा आला एक हजार चारशे बत्तीस मिलिमीटर. काम संपलं होतं! घरी जायचं होतं! पण कुंपणापलीकडचा, धाकट्यांकडचा जेमतेम दिसणारा उंचवटा मला उगाच खुणावत होता. "मामा, जरा तिथेही धर." तिथे आला एक हजार चारशे सोळा.

"बघा! माझाच आकडा मोठा!" थोरल्यांनी पेन काढलं. टोक कागदाला टेकणार, एवढ्यात माझ्यातली पदवी जागी झाली.

"काका, उलटं असतं ते. दुर्बीण जागची हलत नाही, म्हणून जमीन जितकी उंच, तितका पट्टीवरचा आकडा कमी. म्हणजे धाकटे काका सोळा मिलिमीटरने उंच."

पेन हवेतच राहिलं.

"काय रे!" थोरले ओरडले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच थेट भावावर! "रात्री माती टाकलीस ना?"

"माती तुझ्या डोक्यात! दगड आण इकडे. माझा आहे तो!"

धाकट्यांनी ट्रॅक्टर आणला, दगडाला मामाचाच दोर बांधला आणि हिसका दिला. दगडाचे तीन तुकडे झाले. मामा जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होता. "अहो, थांबा!" मी ओरडत होते, पण मला विचारतो कोण? थोरल्यांनी रागारागाने माझा अर्ज भिरकावला. तो थेट गायीपुढे पडला. इतका वेळ दोघांचे निरोप ऐकून घेणाऱ्या त्या माउलीने तोही घेतला. चावून, नीट.

आता पुन्हा मोजायचं म्हटलं, तर दगडाच्या जागी गुडघाभर खड्डा!

बांधावर बसून मी कपाळाला हात लावला. मामा शेजारी येऊन टेकला.

"रडू नकोस गं. मी तर अगदी नीट धरली होती पट्टी. पलीकडे दोन बोटं सोडूनसुद्धा."

"काय सोडून?"

"दोन बोटं. पट्टीखाली. माप घट्ट घेतलं की गिऱ्हाईक बोंबलतं, श्वास घ्यायला जागा नको? हात आपोआप जातो गं. दगडावर चेमटली असती, म्हणून तिथे नाही घातली. पलीकडे माती मऊ होती."

मी पिशवीतून फूटपट्टी काढली.

"हात इकडे कर, मामा."

तर्जनी आणि मधलं बोट, शेजारी शेजारी, सपाट. जाडी: सोळा मिलिमीटर.