नंबरवाल्या कमलताई

आमच्या कोराडीच्या कॉलनीत कमलताईंच्या देखत कुणाला सुई टोचायची कुणाची हिंमत होत नाही. टोचणाऱ्याचं नाव त्या विचारत नाहीत, थेट "रजिस्ट्रेशन नंबर?" विचारतात. लसीकरणाच्या शिबिरात असंच विचारलं, तेव्हा समोरची पोरगी घाबरून आधार क्रमांक सांगायला लागली.

ताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नर्सिंग कौन्सिलकडचा स्वतःचा नंबर त्यांनी कुकरवर, छत्रीवर आणि लोखंडी कपाटावर रंगवून ठेवलाय. दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण असतं आणि त्यासाठी प्रशिक्षणांना बसावं लागतं. सत्तरीतही ताई पहिल्या रांगेत बसून व्याख्यात्याच्या चुका काढतात.

मागच्या खेपेला सर्टिफिकेट यायला उशीर झाला. मुदत संपली त्या सकाळी ताईंनी नवऱ्याला, म्हणजे नानाजींना, इन्सुलिन टोचायला साफ नकार दिला. मी म्हटलं, घरच्या घरी इन्सुलिन तर कुणीही देतं.

"कोणीही देते ना. मी कोणीही नाही," ताई नानाजींकडे बोट दाखवून म्हणाल्या. "नंबर येतपर्यंत मी फक्त यायची बायको आहो."

मग आठ दिवस मी नानाजींना स्कूटरवर दवाखान्यात नेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून ताईंची चिठ्ठी काढली. तिथल्या नर्सचा नंबर लिहून आणायचा होता. सर्टिफिकेट आल्यावर ताईंनी टोचलं, तेव्हा नानाजी डोळे मिटून म्हणाले, "सिस्टर, हात हलका आहे तुमचा." लग्न झाल्यापासून ते बायकोला सिस्टरच म्हणायचे.

यंदा पुन्हा मुदत आली. नानाजी दिवाळीच्या आधीच गेले होते. ताई ऑनलाइन फॉर्म भरायला माझ्याकडे आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, आता कशाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बायको तं नाही राहिली मी आता. नंबरही गेला, तं मी कोण गा?"

मला माझीच लाज वाटली. मी फॉर्म भरला.

सर्टिफिकेट आलं त्या दुपारी मी माझं बी-ट्वेल्वचं इंजेक्शन हातात घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. आठवडाभर ते मुद्दाम टोचून घेतलं नव्हतं. ताईंनी साबणानं हात धुतले आणि आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. ती दोनदा वाचली.

"बस," त्या म्हणाल्या.

"हो, सिस्टर," मी म्हणालो.