कांतिलालशेठचं फ्लायव्हील

आमच्या शेजारचा कांतिलालशेठ लग्नाला जातानाही पिशवीत लोखंडाचं चाक घेऊन जायचा. नारायणगावच्या एका लग्नात त्याने ते टेबलावर ठेवलं, तर नवरदेवाचा मामा म्हणाला, "शेठ, आहेर लई जड आणलाय राव!" शेठ हसला नाही. "पावणं, असलं दुसरं कुठं बघितलंय का?"

ते त्याच्या जुन्या काळ्या मोटारीचं फ्लायव्हील. इंजिनाच्या मागे बसतं, इंजिनाबरोबर फिरतं. त्याला तडा गेला आणि मोटार दारात बसली. तसलं आता कोणी बनवत नाही. जुन्नरचे फिटर झाले, मंचरचं भंगार झालं, पुण्याचा जुना बाजार झाला. परत आला की माझ्या पिठाच्या गिरणीच्या दारात उभा. वाक्य ठरलेलं, "एका केसानं हुकलं, आक्का."

"असे केसाकेसानं टक्कल पडलं की तुला, कांतिलाल," मी म्हणायची. लोखंडासाठी रडणारा माणूस मला बघवत नाही.

यंदा आषाढात तो पुण्याहून उड्या मारतच आला. चाक मिळालं होतं! पण जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. उशीर होईल म्हणून त्याने दोन्ही चाकं एकावर एक ठेवून नुसती कड जुळवली आणि एसटी पकडली. इथे फिटर बसवायला गेला, तर बोल्टची भोकं जुळेनात.

"नवी पाड की!" शेठ ओरडला.

"तडकंल, शेठ. मंग ह्ये बी जाईल."

शेठ ओट्यावर बसला. आतून ताट आलं, तसंच राहिलं. दिवस मावळला.

"तुझ्या पोराची नवी गाडी हाय की दारात," मी म्हटलं. "तिच्यातनं जा, कुठं जायाचं त्ये."

"उद्या महाराजसाहेब येत्यात, आक्का. नारायणगावहून, पायी."

महाराजसाहेब म्हणजे त्याचीच लेक. दीक्षा घेऊन साध्वी झाली. आता ती कुठल्याच गाडीत पाय ठेवत नाही आणि बापाने तिला नावाने हाक मारायची नाही.

"मंग ती काय तुझ्या मोटारीत बसनार व्हय?"

"बसायची न्हाई. पन रस्त्याला ट्रक अंगावर येत्यात. मागनं हळूहळू न्यायची व्हती मोटार. पोराची गाडी काय, कुनाची बी वाटंल. हिचा आवाज तिला ल्हानपनापासनं ठावं हाय. न वळता कळलं असतं, मागं कोन हाय त्ये."

मी ताट उचलून आत नेऊन ठेवलं.

सकाळी मीही रस्त्यावर गेले. पांढऱ्या वस्त्रांतल्या चार साध्वी अनवाणी, झपाझप चालत होत्या. त्यांच्या मागे शेठ, काठीला लाल फडकं बांधून ट्रकना बाजूला करत. पोराची गाडी त्याने आणलीच नव्हती. चपलाही काढून ठेवल्या होत्या.

पावसाने रस्ता धुऊन निघाला होता, धुळीचं नाव नव्हतं. त्याला सर्दीही नव्हती. तरी चार पावलं झाली की शेठ मोठ्याने खोकत होता.