हाडांच्या ओपीडीतले गड्डे

दोन हजार तेवीस सालची गोष्ट. त्या वर्षी नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात ‘स्मार्ट रांग’ आली आणि ती आणणाऱ्या कुंदनने पहिल्याच दिवशी छाती फुगवून सांगितलं, "सिस्टर, आता कॅमेरा रांगेत थांबलेली डोकी मोजणार. जिथे डोकी जास्त तिथे डॉक्टर जास्त, जिथे कमी तिथला डॉक्टर उचलणार. माणसाने मधे बोटसुद्धा घालायचं नाही."

प्रतिभा सिस्टर हाडांच्या ओपीडीच्या इन्चार्ज. काचेच्या सिरिंजा पातेल्यात उकळायच्या काळापासून नोकरीत. ‘आता सगळं बदलणार’ म्हणणारे किती आले आणि स्वतःच बदलून गेले, याचा हिशेब त्यांनी सोडून दिला होता.

"मोज बाबा," त्या म्हणाल्या. "माझ्या दुसऱ्या डॉक्टरला हात लावू नकोस म्हणजे झालं. डोकं तुलाही एकच आहे."

दुसरी डॉक्टर म्हणजे वेदिका. गुडघा बदलणारी तिथली एकटीच. तिला मिळवायला सिस्टरांनी वर्षानुवर्षं वरच्या साहेबांचे कान खाल्ले होते. मखमलाबादच्या लंकाबाईचा गुडघा पुढच्याच आठवड्यात व्हायचा होता.

आणि त्या शनिवारी कुंदन पडलेल्या तोंडाने आला. "सिस्टर, तुमच्या ओपीडीत पेशंटच नाहीत. आठवडाभर शून्य. वेदिका मॅडमची मालेगावला बदली निघतेय. सोमवारी मुंबईचे साहेब स्क्रीनवर एकदा बघणार आणि सही करणार."

सिस्टरांनी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. खिडकीपासून पार जिन्यापर्यंत चपला एकामागे एक शिस्तीत उभ्या होत्या. चपलांचे मालक बाहेर लिंबाखाली पाय पसरून बसलेले. इथली रीतच ती. गुडघे दुखणाऱ्यांनी तासन्‌तास उभं राहायचं कसं? म्हणून चप्पल रांगेत, माणूस सावलीत. दुसऱ्याची चप्पल पुढेमागे करायची कुणाची छाती नव्हती.

"सिस्टीम चपला मोजत नाही," कुंदन म्हणाला. "सोमवारी तेवढं सगळ्यांना उभं करा."

सोमवारी सिस्टर लिंबाखाली गेल्या, तर लंकाबाईने पायसुद्धा आखडला नाही. "शिष्टरबाई, उभं ऱ्हाता आलं असतं तं हितं कशाला आले असते मी?"

"आमी रांगेतच हाये," तिचा नवरा गोरक्ष म्हणाला. "चपलेला इचारा."

"अहो, साहेब बघताहेत. डॉक्टरीणबाई जातील."

"मंग साहेबाला म्हना, खाली बघ. वरून डोकीच दिसनार."

कुणी हललं नाही. तेवढ्यात सफाईवालीच्या पोछ्याने लंकाबाईची चप्पल सरकली. तेवढ्यासाठी मात्र बाई लंगडत उठली. भाव पडला म्हणून बाजार समितीतून परत आणलेला कोबी बाहेर गोरक्षच्या टेम्पोत होता. त्यातला एक गड्डा तिने चपलेवर वजन म्हणून ठेवला आणि परत जाऊन बसली.

आतून कुंदन ओरडला, "सिस्टर, एक आला!"

सिस्टरांनी स्क्रीन पाहिला. मग गड्डा पाहिला. मग टेम्पो पाहिला.

दहा मिनिटांत प्रत्येक चपलेवर एकेक गड्डा बसला. कुंदन आधी "हे नियमात नाही" म्हणाला, मग स्वतःच गोणी उचलू लागला. स्क्रीनवर आकडा चढला. मुंबईहून साहेबांचा आवाज आला, "वा, गर्दी आहे की. आणि काय शिस्त! कुणी हूं की चूं करत नाही."

तिथेच घोटाळा झाला. कुणी हलतही नव्हतं. कुंदनच्या सिस्टीमला शहाणपण जरा जास्तच शिकवलेलं. पाव तास डोकं हललं नाही की माणूस बेशुद्ध, असं ती समजायची. एकदम भोंगा वाजला. स्क्रीन लाल. तातडीच्या विभागातून स्ट्रेचर, ऑक्सिजनच्या नळकांड्या आणि दोन डॉक्टर धावत आले आणि कोबीसमोर येऊन थबकले. त्यातला एक तर सवयीने गड्ड्याची नाडी बघायला वाकलाच होता.

"काय चाललंय तिथे?" साहेब गरजले. "कॅमेरा जवळ घ्या. हे… हे कोबी आहेत?"

कुंदन टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. सिस्टरांनी माइक हातात घेतला.

"कोबीच आहेत, साहेब. ठेवायला मीच सांगितलं. तुमच्या यंत्राला कोबी माणूस वाटतो आणि माणसं दिसत नाहीत. ती लिंबाखाली बसलीत, कारण तुमच्या खात्याने इथे बाकडी दिली नाहीत. करा आता सही. पण वेदिका मॅडमच्या आधी माझी बदली काढा आणि आधी या कॅमेऱ्याची काढा."

मग साहेब हळूच म्हणाले, "कॅमेरा लिंबाकडे फिरवा."

वेदिका मॅडम राहिल्या. लंकाबाईचा गुडघा त्यांनीच बदलला. आता ती दुसऱ्या गुडघ्यासाठी नंबर लावून आहे आणि गोरक्षला चालण्यात मागे टाकते. कुंदन इगतपुरीच्या दवाखान्यात गेला, तिथे तो आधी व्हरांड्यात चक्कर मारतो, मग संगणक उघडतो. साहेब बढतीवर गेले. प्रतिभा सिस्टर निवृत्त झाल्या. बाकडी मात्र अजून ‘मंजुरीसाठी पाठवलेली’ आहेत.

राहता राहिली त्या दिवशीची नोंद. ती कुणालाच पुसता आली नाही. चाळीसेक रुग्ण एकाच वेळी बेशुद्ध आणि संध्याकाळपर्यंत एकही दगावला नाही, म्हणून तातडीच्या विभागाला उत्कृष्ट सेवेचं प्रमाणपत्र मिळालं. ते रुग्ण त्याच रात्री वॉर्डांच्या जेवणात भाजी होऊन वाढले गेले, हे प्रमाणपत्रात लिहिलेलं नाही.