पुंगळीची रीत

पुस्तकाला पाय लागला की मी पुस्तकाच्या पाया पडतो. लहानपणची सवय आहे, आणि पुढे ग्रंथपालाची नोकरी केल्यामुळे ती पक्की झाली. पण रिकाम्या काडतुसाला पाय लागला म्हणून खाली वाकून, त्याला बोट लावून ते बोट कपाळाला टेकवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे हिराजीशेठ.

पनवेलबाहेर एका बंद पडलेल्या दगडखाणीत आमचा नेमबाजीचा क्लब आहे. आमचा म्हणजे माझ्या बायकोचा. मृदुला बँकेत होती. चाळिशी उलटल्यावर एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मला पिस्तूल शिकायचंय." मी विचारलं, "कुणासाठी?" तिने उरलेली भाजी माझ्यापुढे सरकवली. तेव्हापासून दर रविवारी ती गोळ्या झाडायची आणि मी मागच्या बाकावर कानात कापूस घालून वाचत बसायचो. तिच्या उजव्या हाताच्या जागेवर हिराजीशेठ उभे असत.

शेठ पनवेलजवळच्या कोन गावचे. एक्स्प्रेसवेत जमीन गेली, पैसे आले, तीन मजली बंगला झाला. ओळख झाल्यावर त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं : "मास्तर, तुमी पुन्याला जाता ना, तं माज्या भाताच्या खाचरावरनं जाता. जरा हळू जात जा." मी मास्तर नव्हतो, पण पुस्तक हातात असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच.

पांढराशुभ्र शर्ट, पोटावर टेकलेली सोन्याची साखळी आणि त्या थोरल्या पंजात खेळण्यासारखं दिसणारं पिस्तूल. नेम असा की पलीकडचा कागद बहुतेक वेळा कोरा परत यायचा. "कागुद वाचवला क्लबचा," असं म्हणत ते तो घडी करून खिशात घालत. नेमाचं त्यांना फारसं काही वाटत नसे. जीव होता तो पुंगळीवर.

पुंगळी म्हणजे गोळी सुटल्यावर पिस्तुलातून उडणारी पितळेची रिकामी नळी. जाताना आपापल्या पुंगळ्या वेचून क्लबच्या डब्यात टाकायच्या, एवढाच तिथला नियम. त्याच्यावर शेठनी स्वतःचं अख्खं शास्त्र उभारलं होतं. गोळीबार चालू असल्याचा लाल बावटा उतरल्याशिवाय वाकायचं नाही. गरम पुंगळीला हात लावायचा नाही, "तिला दम खाऊ द्या." झाडू मारायचा नाही. आणि दुसऱ्याची पुंगळी आपल्या पायाशी आली तर ती पाहुणी. तिला तुडवायचंही नाही आणि उचलायचंही नाही, फक्त मालकाला हाक मारायची. का, असं विचारलं की उत्तर एकच : "रीत हाय ती."

खारघरहून येणारा एक इंजिनिअर एकदा बुटाने पुंगळ्या सारून ढीग करत होता. शेठ कडाडले, "ओ साहेब! घरी ताट बी पायानंच सारता काय?" तो बिचारा तिथल्या तिथे उकिडवा बसून एकेक वेचू लागला. पुढे त्याचीच एक तापलेली पुंगळी शेठच्या कॉलरमधून आत गेली. शेठनी पिस्तूल शांतपणे खाली ठेवलं आणि मग जो नाच केला, तो त्यांच्या वजनाच्या माणसाला जमतो हे मला ठाऊक नव्हतं. पुंगळी शर्टाच्या खालून बाहेर पडली. इंजिनिअर माफी मागत धावत आला. "माफी कसली?" शेठ धापा टाकत म्हणाले. "पाव्हनी घरात येऊन गेली. आता चाय तुमी पाजायची." त्या दिवशी सगळ्या रेंजला चहा मिळाला.

मृदुलाच्या पुंगळ्या उजवीकडे उडायच्या, म्हणजे नेमक्या शेठच्या पायांशी. म्हणून शेठ आपल्या जागेच्या मधोमध कधी उभेच राहिले नाहीत. पार उजव्या कडेला, भिंतीला खांदा लावून, डावीकडची फरशी तिच्या पुंगळ्यांसाठी मोकळी. बावटा उतरला की हाक यायची, "वैनी, तुमची आली हो!"

पहिल्यांदा मीच त्या वेचायला गेलो तेव्हा त्यांनी मला अडवलं होतं.

"तुमी कोन?"

"मी यांचा नवरा."

"मंग उचला. घरच्याला चालतंय."

तेव्हापासून ते काम माझं झालं. पुस्तकात बोट ठेवून उठायचं, शेठच्या बुटांजवळून पुंगळ्या वेचायच्या आणि मृदुलाच्या पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात गोळा करून जाताना क्लबच्या डब्यात ओतायच्या. संसारातली काही कामं आपल्याला आवडतात हे ती संपल्यावर कळतं.

मृदुला गेल्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर मी खाणीकडे फिरकलो नाही. परवा क्लबच्या सेक्रेटरी सावंत मॅडमचा फोन आला, "सर, ताईंच्या कपाटात थोडं सामान आहे." म्हणून रविवारी गेलो. कानावर लावायचा तिचा निळा कर्णपट्टा आणि तो पेढ्यांचा डबा, एवढंच होतं. ते घेऊन निघणार, तेवढ्यात रेंजवर गलका ऐकू आला.

शेठच्या कमरेला शर्टावरून जाडजूड पट्टा आवळला होता. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती. त्यावर शेठनी उपाय काढला होता : लांब दांड्याचं, चाकांवर फिरणारं लोहचुंबक. ते मोठ्या ऐटीत फरशीवरून फिरवत होते. खिळे चिकटले, तारांचे तुकडे चिकटले, एक वायसर चिकटलं. शेजारी इमारत उठतेय, तिथलं सगळं भंगार गोळा झालं. पुंगळ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"काका, पितळ आहे ते," इंजिनिअर हळूच म्हणाला. "पितळेला चुंबक लागत नाही."

शेठनी चुंबकाकडे पाहिलं, मग पुंगळ्यांकडे. "दुकानदार बोलला होता, कायबी उचलंल!"

सगळे हसले. शेठही हसले, पण त्यांचं हसू लवकर विझलं. त्यांनी पिस्तुलाची पेटी बंद केली. "मॅडम, माजं नाव काढून टाका. आता जमनार नाय."

"अहो काका, आम्ही वेचतो की तुमच्या!"

"नाय. रीत हाय ती. घरच्यानं उचलायची."

"मग मुलांपैकी कुणाला घेऊन या."

शेठ पट्टा सारखा करत राहिले. "येतील कशाला? तीन मजले, तीन चुली. लिफ्टमधी भेटतात कदी कदी. 'बाबा, बरं हाय ना?' बोलतात, तवर मजला येतो."

वरून एक विमान उतरत होतं. नव्या विमानतळामुळे हल्ली सारखीच येतात. ते दिसेनासं झाल्यावर मी मान खाली घेतली. तेव्हा माझं लक्ष गेलं. शेठ उजव्या कडेला, भिंतीला खांदा लावून उभे होते. त्यांच्या डावीकडची फरशी मोकळी होती, आणि तिच्या पलीकडे मृदुलाची जागा रिकामी.

"शेठ, मधे उभं राहा की आता," मी म्हणालो. "तिकडून कुणाची येणार आहे?"

त्यांनी खाली पाहिलं. बहुधा त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

"ऱ्हायलं तसंच," ते म्हणाले. "वैनींची इथं यायची ना."

लाल बावटा उतरलेला होता. मी कर्णपट्टा बाकावर ठेवला, डबा उघडला आणि शेठच्या बुटांजवळ खाली बसलो. पहिली पुंगळी उचलली, मग दुसरी. चांगल्या गार झाल्या होत्या.

"सर, रीत मोडतेय हं," इंजिनिअर गमतीने म्हणाला.

"कोन बोलतं?" वरून शेठचा आवाज आला. नेहमीसारखा कडाडला मात्र नाही. "मास्तर घरचा हाय."

सावंत मॅडमनी त्यांचं नाव काढलं नाही. मीही आता दर रविवारी जातो. तोच बाक, कानात तोच कापूस. शेठ अजून उजव्या कडेलाच उभे राहतात. आम्ही कुणी त्यांना मधे सरकायला सांगत नाही. कागद कोरा येतो, घडी होऊन खिशात जातो. मग बावटा उतरतो, आणि मी पुस्तकात बोट ठेवून हाकेची वाट पाहतो.

"मास्तर, आमची आली हो!"