आधी स्कॅन, मग चौकशी

माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे त्याच्या बायकोला विचारायचे दिवस गेले. बायको चुकू शकते, यंत्र चुकत नाही. शिवाय यंत्र सांगता सांगता मध्येच रडत नाही. या थोर तत्त्वावर त्या इस्पितळाचा तातडीचा विभाग उभा होता. भिंतीवर नियमच लावला होता : ‘फिट आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन प्रथम करावा. चौकशी नंतर.’ (‘नंतर’ म्हणजे कधी, हे नियमाने मोठ्या मनाने मोकळं सोडलं होतं.)

शिंपीणबाईंना हा नियम तोंडपाठ होता. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या नवऱ्याला फिट यायची ही पाचवी खेप. आधीचे चारही स्कॅन स्वच्छ आले होते, आणि चारही वेळचं कारण एकच होतं : बरं वाटतंय म्हणून गृहस्थांनी परस्पर गोळ्या बंद केल्या होत्या. आजही त्यांच्या खिशात न फोडलेली स्ट्रिप सापडली. ती हातात धरून बाई डॉक्टरांच्या मागे मागे फिरत होत्या.

"डॉक्टरसाहेब, यांनी सोमवारपासून गोळीच..."

"स्कॅन झाला का?"

"नाही, पण नेहमीसारखीच आली हो. कुठे लागलंही नाही. आता तर बोलतायत."

"मग स्कॅन होऊ द्या."

नवरा स्ट्रेचरवरून खरोखरच बोलत होता. गिऱ्हाइकाची पँट दुपारी द्यायचीय, असं बजावत होता. पण रुग्णाचं बोलणं पुरावा म्हणून धरायची पद्धत तिथे नव्हती.

विभागाची कामगिरी ऊर भरून यावा अशी होती. गेल्या वर्षी फिट आलेल्या शंभर टक्के रुग्णांचे स्कॅन झाले. ‘गोळ्या वेळेवर घेता का?’ हा प्रश्न अकरा जणांना विचारला गेला. (पैकी चौघे रुग्ण नव्हते, नुसते सोबत आले होते.)

रांगही न्यायाने चाले. आधी आला त्याचा नंबर आधी. पहिला नंबर शिंपीणबाईंच्या नवऱ्याचा, दुसरा एका निवृत्त पोस्टमास्तरांचा. ते सकाळी बाथरूममध्ये पडले होते. कानामागे लिंबाएवढं टेंगूळ, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, आणि जन्मात पहिल्यांदाच फिट. तासभर झाला तरी शुद्ध नव्हती. त्यांच्या मुलीने हे सगळं सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं.

मुलगी शिंपीणबाईंकडे वळली. "काकू, तुमचा नंबर आम्हाला देता का? बाबा डोळेच उघडत नाहीयेत हो."

तशी सोय होती; पहिल्या नंबरवाल्याने लिहून दिलं की नंबर बदलता येई. बाईंनी पेन हातात घेतलं आणि एकदा विचारावं म्हणून दिराला फोन लावला.

"वहिनी, वेड लागलंय का? नेमकं आजच काही निघालं तर?"

मग नणंदेला लावला. "स्कॅन काढून टाका वहिनी. मनाला बरं असतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मुलीकडे न बघताच म्हणाल्या, "फार वेळ नाही लागत, बाळा."

वीस मिनिटं लागली. पाचवा स्कॅनही स्वच्छ आला. डॉक्टरांनी अभिनंदन केलं आणि बाईंनी पुढे केलेल्या स्ट्रिपकडे न पाहताच ते पुढच्या रुग्णाकडे गेले.

पोस्टमास्तरांच्या स्कॅनमध्ये मात्र पुष्कळ काही निघालं. डोक्यात रक्त साकळत चाललं होतं. त्यांना धावतपळत शस्त्रक्रियेला नेलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "जरा आधी कळायला हवं होतं." मुलीने शिंपीणबाईंकडे एकदा पाहिलं आणि ती स्ट्रेचरमागे पळाली. संध्याकाळी पोस्टमास्तर गेले.

बाईंना पुढे कित्येक दिवस घास गोड लागला नाही. त्यांना नावं ठेवायला तुम्ही मोकळे आहात. फक्त त्याआधी तुमच्या कपाटावरची ती मोठी पिशवी खाली घ्या, स्वच्छ आलेल्या फिल्मा एकेक करून उजेडात धरा, आणि त्या दिवशी तुमच्या मागे रांगेत कोण होतं ते आठवून बघा. आठवणार नाही. तेव्हा तुम्ही सगळ्यांना फोन करत होतात, की देवाच्या कृपेने काही निघालं नाही.