अंधाराचा पंचनामा

कुडपणच्या धोंडूबाईच्या ओठावरची गाठ कर्करोगाची निघाली आणि मुंबईच्या इस्पितळाने तिच्यावर नवा उपचार केला. शिरेतून औषध द्यायचे, दोन दिवसांनी गाठीवर लाल प्रकाश सोडायचा. प्रकाशाने औषध जागे होते आणि गाठ जाळते. निम्मी गाठ जळाली. उरलेलीसाठी महिन्याने पुन्हा यायचे होते.

“तोवर औषध अंगभर राहील. ऊन लागलं तर कातडी भाजेल,” डॉक्टरांनी बजावले. नवऱ्याने, रायबाने, तिला घोंगडीत गुंडाळून घरी आणले आणि खोलीची खिडकी मातीने लिंपून टाकली.

दुसरा डोस मात्र सरकारी योजनेतला होता. रुग्ण महिनाभर अंधारात होता, असा दाखला त्यासाठी लागे. रायबा पोलादपूरला ‘प्रकाशोपचार साह्य कक्षा’त गेला.

“अंधाराचा पंचनामा करावा लागेल,” हेडक्लार्क म्हणाले. “सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत.”

“सायेब, रातच्याला या की. दार उघडलं तरी भ्या नाय.”

“रात्री अख्खा तालुका अंधारात असतो. त्यात तुमची बायको वेगळी कशी काढायची?”

रायबाला हे पटले. कचेरीत त्याला सगळेच पटत असे.

विसाव्या दिवशी भर दुपारी कक्षाचे निरीक्षक दोन पंच घेऊन डोंगर चढून आले. माणूस कर्तव्यदक्ष, चहासुद्धा कामानंतर घेईन म्हणाले. दार लावले की पंचांना काही दिसेना, आणि न दिसलेल्या गोष्टीवर सही करायला ते तयार होईनात. शेवटी अंधार नीट दिसावा म्हणून खिडकी फोडण्यात आली.

“बाई, ओळख पटवायची आहे. अंगणात या, अंगठाही उठवायचाय.”

“अवो, त्वांड जळंल माजं!”

“पाचच मिनिटं.”

पंधरा लागली. शाई वाळली होती.

सांजेपर्यंत तिचा चेहरा सुजून फोडांनी भरला. आठवड्याने नियमाप्रमाणे फेरतपासणी झाली आणि अहवाल आला: ‘चेहऱ्यावर उन्हाने भाजल्याच्या खुणा आढळल्या. सबब, सदर महिला अंधारात राहत नव्हती. दाखला नामंजूर.’

गाठ पुन्हा वाढू लागली. रायबाला संताप आला, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना. त्यात महाडपासूनचे लोक समाचाराला येऊ लागले. सगळे भले, सगळे कळवळणारे. “लई भाजलंय का गो?” म्हणत प्रत्येकाने दार उघडून पाहिलेच.

तुम्हीही इथवर तेच पाहायला आलात, कळकळीपोटीच. रायबा तुम्हाला काही बोलणार नाही. एवढेच म्हणेल, “बघितलंत नव्हं? आता बाजूला व्हा, दार लावून घेतो. तुमच्या मागनं ऊन येतंय.”