दारातली गोल काच

सभापतींच्या दालनात चहा अजून आला नव्हता, पण भांडण मात्र केव्हाच उकळायला लागलं होतं.

"भिंत!" आबा म्हणाले.

"कुंपण!" विहीणबाई म्हणाल्या.

सभापती खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले आणि पुन्हा उठले. राजकारणात येण्याआधी ते शाळेत शिकवत, म्हणून सगळं सभागृह त्यांना मास्तरच म्हणे. आबा हे सत्ताधारी पक्षाचे नेते आणि विहीणबाई विरोधी पक्षाच्या. आबांच्या मुलाला विहीणबाईंची मुलगी दिलेली. पण सोयरीक घरी. सभागृहात दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

प्रश्न होता रस्त्याकडेच्या शाळांच्या मैदानांचा. अधिवेशन बघायला एक अख्खा वर्ग आला होता, तेव्हा दोन वेण्यांच्या एका मुलीने मास्तरांना गाठलं होतं. "आमचा चेंडू रस्त्यावर जातो. मी आणायला गेले, तर ट्रक एवढ्यावर येऊन थांबला," म्हणत तिने बोटांनी वीतभर अंतर दाखवलं होतं. "या अधिवेशनात कायदा करतो, बाळा," असा मास्तरांनी तिथल्या तिथे शब्द दिला. आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. आज झालं नाही, तर सगळं मुसळ केरात.

"विहीणबाई, सत्तेत होतात तेव्हा तुम्हालाच भिंत हवी होती ना?" मास्तरांनी विचारलं.

"तेव्हा मी पलीकडच्या बाकावर होते."

"आणि आबा, तुम्ही तेव्हा कुंपणासाठी सभात्याग केलात!"

"मग? विरोधात बसून सरकारची भिंत मागू? लोक काय म्हणतील?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "वर्गात दोन पोरं पट्टीवरून भांडली की मी पट्टीच काढून घ्यायचो."

"मग आता काय, मैदान काढून घेता?" विहीणबाई म्हणाल्या.

"बघा, घरीसुद्धा अशाच बोलतात," आबा म्हणाले. "आमचा मुलगा बिचारा..."

"तुमच्या मुलाला काय झालंय? जावई आमचा चांगलाच आहे. वडिलांवर गेला नाही, एवढंच."

"थांबा, थांबा. आधी चहा घेऊ," मास्तर म्हणाले आणि त्यांनी न बघताच टेबलाखालचं बटण दाबलं.

टेबलाखाली बटणं दोन होती. एक चहा मागवायचं. दुसरं मतदानाच्या घंटेचं. साऱ्या इमारतीत घणघणाट सुरू झाला.

"अरे देवा!" मास्तर ओरडले. "पळा!"

पळण्याचं कारण होतं. घंटा थांबली की सभागृहाचं दार बंद होई आणि मतदान संपेपर्यंत कुणासाठीही उघडत नसे. सदस्य मतदानाच्या मधेच आत-बाहेर करत, म्हणून हा नियम खुद्द मास्तरांनीच केला होता. तिघं जिना उतरून धापा टाकत दाराशी पोचले, तेव्हा दारवान कडी लावून वळत होता.

"उघड बाबा!"

"नाही उघडता येत, साहेब. नियम आहे."

"अरे, मी सभापती आहे! नियम मीच केलाय!"

"म्हणून तर जास्त जपतोय," दारवान नम्रपणे म्हणाला.

दाराला डोक्याइतक्या उंचीवर एक गोल काच होती. दार जाडजूड, आतला शब्द बाहेर येत नव्हता. मास्तरांनी टाचा उंचावून पाहिलं. उपसभापती खुर्चीत ताठ बसले होते. पद नवं, उत्साह दांडगा. सभापतींनी घंटा दिली म्हणजे एकमत झालं, अशी त्यांची खात्री पटलेली दिसत होती. मग ते उभे राहून काहीतरी विचारू लागले आणि दोन्हीकडचे सदस्य बावरून इकडेतिकडे बघत होते.

बावरणारच. इथे विधेयक वाचण्याची पद्धत फारशी नव्हती. आबांचा हात वर गेला की त्यांची सगळी बाजू हात वर करी. विहीणबाईंच्या हातावर त्यांची. आज दोन्ही हात गायब होते.

"बाजूला व्हा!" म्हणत आबांनी काचेचा ताबा घेतला आणि 'थांबा, थांबा!' अशा अर्थाने हात उंच करून जोरजोरात हलवला. आतून त्यांच्या पक्षाला काचेत आबांचा चेहरा दिसला आणि वर केलेला हात दिसला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सत्ताधारी बाकांवरचे हात सटासट वर गेले.

"हे काय केलंत, व्याहीबुवा!" विहीणबाईंनी त्यांना कोपराने ढकललं. "माझ्या लोकांना तरी थांबवू द्या!" आणि त्यांनी हात उंचावून काचेवर थापा मारल्या. विरोधी बाकांवरचे हातही वर गेले.

उपसभापतींनी आणखी काही विचारलं. आबा हात हलवतच होते, विहीणबाई थापा मारतच होत्या. आतले हात खाली यायला तयार नव्हते.

शेवटी कडी निघाली. उपसभापती हसतमुखाने सामोरे आले. "अभिनंदन! सगळं एकमताने मंजूर!"

"सगळं म्हणजे काय?" आबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"आधी तुमची भिंत मताला टाकली, ती मंजूर. मग बाईंचं कुंपण, तेही मंजूर. मग पूर्ण विधेयक. आता प्रत्येक मैदानाला भिंत, आणि भिंतीवर जाळीचं कुंपण."

मास्तर मटकन बाकावर बसले. चेंडू आता कुंपणाखालूनही जाणार नव्हता आणि भिंतीवरूनही. त्या पोरीने मागितलं त्यापेक्षा जास्तच झालं होतं.

आबा आणि विहीणबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. मग कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका सुरात बोलले.

"मास्तर, ती काच रंगवून टाका!"

"दोघांचंही एकमत?"

"पूर्ण!"

"मग प्रश्नच मिटला. उद्याच रंगवतो," मास्तर उठत म्हणाले. "फक्त रंग कोणता, तेवढं दोघांनी मिळून सांगा."

"निळा!" आबा म्हणाले.

"पिवळा!" विहीणबाई म्हणाल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. शाळांच्या भिंती कधीच उभ्या राहिल्या, त्यांवरच्या जाळ्यांवर वेलही चढले. दारातली काच मात्र अजून स्वच्छ आहे. दारवान ती रोज सकाळी पुसतो.